तोंडाशी आलेला पदर

बोलता बोलता कुणा बाईनं पदर तोंडाशी नेला की मी अजून आधी लेक कुठं आहे ते बघते.

माझी रेणू सहा वर्षांची आहे. ऑपरेशन झालं, कानामागं मशीन आलं, तेव्हापासून तिला ऐकू येतं. ओठ बघून ओळखायची सवय मोडावी म्हणून तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई आणि मी, दोघीही तोंडावर हात धरून बोलतो. तोंड झाकलं की कान द्यायचा, हे तिच्या अंगात मुरलंय.

हळदीकुंकवाला जाऊबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि शेजारणीला म्हणाल्या, "बिचारी! हिला सून करून घेणार कोण?" रेणूनं नेमकं तेच ऐकलं. शब्द पोचला, आवाजातली कीव पोचली नाही. पदराच्या वर दिसणारे डोळे तर हसत होते.

"आई, मी बिचारी!" ती नाचत सांगत आली.

"अगंबाई, हिला ऐकू येतंय की!" जाऊबाई दचकल्या.

"मग? त्यासाठीच तर एवढं केलं," मी म्हटलं.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. पोरीनं शब्दाचा अर्थ विचारला आणि मी टाळलं, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी तिनं 'बिचारी'चा अर्थ विचारला आणि मी टाळलं. माणसं हसऱ्या डोळ्यांनी असलं बोलतात, हे सहा वर्षांच्या लेकराला कुठल्या तोंडानं शिकवायचं?

काल बोलायच्या वर्गात बाईंनी हसऱ्या मुलीचं चित्र पुढं धरलं. "रेणू, सांग बघू, ही मुलगी कशी आहे?"

रेणू खुशीत म्हणाली, "बिचारी."