कमी केलेली सात नावं

तपासणीचा दिवस आला की तालुक्यातले झाडून सगळे हेडमास्तर कच्ची पोरं एक तर घरी ठेवत, नाही तर मागच्या भिंतीला बसवत. आमचे मोठे गुरुजी त्यांना पहिल्या रांगेत बसवायचे. साहेबांनी खुर्चीला पाठ टेकायचा अवकाश, हे एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून ओळख करून देणार. "साहेब, ह्याला जोडाक्षर येत न्हाई. हिची वजाबाकी हातच्यापाशी अडती. तुमी एवढं शिकल्यालं, बगा काय युगत सापडती का!" साहेबांच्या कपाळावर आठ्या चढायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी नगरहून नव्यानेच नेमणूक होऊन त्या शाळेत गेले होते. शेवगाव तालुक्यातलं कोरडं ठणठणीत गाव, चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी आणि मास्तरकीत गेलेल्या, त्यामुळे कागद कसा चोख असावा हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गुरुजी शेतकऱ्याच्या घरातले. हातात पुस्तक असलं की शुद्ध बोलायचे, पुस्तक मिटलं की 'हाय' आणि 'न्हाई'. धोतराच्या सोग्याला खडूची पूड आणि टाचांना भेगा. पहिल्या दिवशी मला ते शाळेचे शिपाईच वाटले होते, आणि हे मी त्यांना पुढे सांगितलं तेव्हा पोट धरून हसले होते.

पंचायत समितीच्या कचेरीत भिंतीवर एक मोठा तक्ता टांगलेला असे. आमच्या भागातल्या शाळांची नावं, त्यापुढे पट, हजेरीची टक्केवारी, चौथीचा निकाल आणि शेवटच्या रकान्यात नंबर. आमची शाळा शोधायला डोळे वर न्यावेच लागत नसत, खालून पहिली! सगळ्यात वर आमच्या शेजारच्या गावची शाळा. तिथला निकाल वर्षानुवर्षं शंभर टक्के. आमचे सरपंच चावडीवर बसून मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "त्यांच्या पोरांनी काय सोनं खाल्लंय? आन् आमच्यांनी काय माती?"

शंभर टक्क्यांचं गुपित काही फार खोल नव्हतं. थंडी सरली की तिथले हेडमास्तर हजेरीपट घेऊन बसत. न येणारी आणि न टिकणारी पोरं लाल शाईने रेघ मारून कमी करत. पुढे लिहीत, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' पट आटला की टक्का आपोआप फुगतो. यात खोटं असं काही नव्हतं. नियमात बसत होतं आणि सगळेच करत होते.

आमचे गुरुजी सोडून. मी एकदा तावातावाने त्यांना विचारलं, की ही चार-चार महिने न दिसणारी नावं आपण का वागवतोय? ते म्हणाले, "बाई, धनगर सांजच्याला मेंढरं मोजतो ती कशापायी? आल्याली किती ते कळाया न्हाई. मागं ऱ्हायलेलं कंचं, ते कळाया." मी मनात म्हटलं, झालं! तक्त्यावर मेंढरांचा रकाना कुठे आहे?

तक्त्याची त्यांना चीड होती असंही नाही. कोणी मोजू नये असं त्यांनी कधी म्हटलं नाही. "घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बगत्यात," ते म्हणायचे, "पन जानता गिऱ्हाईक नुसते दात बगून पैका सोडत न्हाई. बैल चालवून बगतो, खांदा चाचपतो. आपले साहेब दातच मोजून जात्यात." हे त्यांनी साहेबांसमोरही एकदा ऐकवलं. त्या वर्षीच्या शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, 'मुख्याध्यापकांनी कामाकडे गांभीर्याने पाहावे.'

आता त्या नावांची खरी गोष्ट सांगते, म्हणजे माझा गुन्हा कळेल. दिवाळीच्या सुमाराला गावातली निम्मी घरं कोयता घेऊन कोपरगावकडे ऊसतोडीला निघायची, पोराबाळांसकट. निघायच्या आदल्या दिवशी गुरुजी दारोदार फिरत. "जावा, पोटाला जावं लागतंय. पन पोराचं नाव पटावर हाय. परीक्षेच्या आधी महिनाभर माझ्याकडं आनून सोडा. माझ्या घरी ऱ्हाईल, माझ्या ताटात जेवंल." दर वर्षी दोन-चार पोरं अशी यायची, गुरुजींच्या ओट्यावर झोपायची, रडतखडत चौथी व्हायची. पण बाकीची येतच नसत. म्हणून हा शब्द मला बोलाचीच कढी वाटायचा.

दुष्काळाच्या वर्षी निम्मी नव्हे, जवळजवळ सगळीच घरं बाहेर पडली. काही खडी फोडायला, काही उसाला. चौथीतली सात पोरं गेली. त्यात मंजुळा होती. ही पोरगी म्हणजे गुरुजींचा जीव. पाटीला हात न लावता दीडकी, अडीचकी तोंडी करायची आणि उत्तर आलं की स्वतःच खुदकन हसायची. तिचा बाप अडून बसला होता, पोरीच्या जातीला चौथी कशाला म्हणून. गुरुजींनी त्याच्याकडून शब्द काढून घेतला. तो म्हणाला, "नाव हाय तवर आनतो, गुरुजी. यंदाचंच एक वरीस." मी शेजारी उभी होते. हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला होता.

पौषात गुरुजींना मुदतीचा ताप आला. महिनाभर ते अंथरुणाला खिळले आणि शाळा माझ्या गळ्यात पडली. त्यातच साहेब आले. बाकांवर चुकूनमाकून बसलेली पोरं त्यांनी मोजली आणि मला म्हणाले, "बाई, यंदाही हेच आकडे असले तर इथली दुसऱ्या शिक्षकाची जागा मी उचलतो. आणि गुरुजी मे महिन्यात निवृत्त होताहेत ना? जाता जाता सेवापुस्तकात शेरा नको असेल, तर पट नीट करा."

गुरुजी तापाने फणफणलेले, त्यांना काय विचारायचं? मी शेजारच्या हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी चहा पाजला आणि लाल शाईची दौत पुढे सरकवली. "अहो, घाबरता काय? सतत गैरहजर लिहायचं आणि मोकळं व्हायचं. म्हाताऱ्याचं भलं होईल." त्या संध्याकाळी मी पट्टी घेऊन सात रेघा मारल्या. एकही वाकडी जाऊ दिली नाही. कप्पाळ माझं! उरलेल्या पोरांची परीक्षेची यादी करून मीच शेवगावला पाठवून दिली.

गुरुजी बरे होऊन आले, हजेरीपट उघडला आणि त्यांचं बोट रेघेवर थांबलं. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. साहेब, जागा, शेरा, सगळं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, तुमी माझ्यासाठी केलं, समजतंय मला. ह्या सात जनांसाठी कुनी करायचं?"

अशक्तपणाने पाय लटपटत असताना ते तीनदा एस.टी.ने शेवगावला गेले. तिसऱ्यांदा मीही बरोबर होते. साहेब सज्जन माणूस, त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. म्हणाले, "गुरुजी, यादी बदलली की तक्ता बदलतो आणि तक्ता वर नगरला गेलाय. हजेरीच्या टक्क्यावर तुमची शाळा दुसरी आली आहे. अहो, पेढे वाटायचे सोडून हे काय चालवलंय तुम्ही?" गुरुजींनी हात जोडले. माझ्या देखत, त्या तक्त्याखाली उभं राहून त्यांनी हात जोडले, आणि साहेबांनी मान हलवली ती नकाराची. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

परीक्षेला महिना असताना मंजुळाचा बाप तिला घेऊन शाळेच्या दारात हजर! कोपरगावाहून मिळेल त्या वाहनाने आणि उरलेलं पायी. पोरीचे हात उसाच्या पाचटाने चिरलेले, पण काखेत पाटी होती. गुरुजींनी तिला आत बसवलं आणि बापाला खरं ते सांगितलं. त्याने खाली ठेवलेलं गाठोडं पुन्हा उचललं. मग म्हणाला, "म्हंजी आमी शबुद पाळला, आन् शाळंनं न्हाई पाळला." गुरुजींनी डोक्यावरचं पागोटं त्याच्या पायावर ठेवायचंच बाकी ठेवलं. पुढच्या वर्षी बसवतो, माझ्या खर्चाने बसवतो म्हणाले. "न्हाई गुरुजी. एक वरीस म्हनलो हुतो. आता ती हाताखाली आली." मंजुळा उठली आणि बापामागे निघाली. मी आत खोलीत दाराआड उभी होते. बाहेर येऊन 'ही माझी चूक' एवढं म्हणायचंही धाडस मला झालं नाही.

बाकीच्या सहांपैकी दोघांना गुरुजींनी कसंबसं पुन्हा चौथीत बसायला राजी केलं. चौघं शाळेकडे फिरकलीच नाहीत. मे महिन्यात गुरुजी निवृत्त झाले. सरपंचांनी हार घातला, साहेबांनी शेरेबुकात 'उल्लेखनीय प्रगती' असं लिहिलं आणि तेच भाषणात वाचूनही दाखवलं. गुरुजी आभाराचं बोलायला उठले, दोनदा घसा खाकरला आणि तसेच खाली बसले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं.

गुरुजी गाव सोडून निघाले तेव्हा मी त्यांच्या पाया पडले आणि माफी मागितली. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "माझी कसली मागताय? माझं तर पेन्शन चोख झालं. जिचं नुकसान झालं तिच्या दारात जावा." पुढे दोन वर्षांनी त्यांच्या गावाहून ते गेल्याचं कार्ड आलं. तोवर मी जायचं टाळत राहिले होते. मनाला लाज वाटेल अशी कारणं काढली, ऊन आहे, पाऊस आहे, ती लोकं घरी नसतील. कार्ड हातात पडल्यावर मात्र राहवेना.

गावापासून कोसभर मंजुळाच्या बापाची वस्ती. मंजुळा गोठ्यासमोर शेण गोळा करत होती. लुगडं नेसलेली, हातात काचेच्या बांगड्या, लग्न ठरलं होतं. मला पाहून धावत आली, हात धुऊन तांब्याभर पाणी दिलं, घोंगडी टाकली. मी शब्द जुळवत होते. सगळं सांगायचं, रेघ मी मारली हेही सांगायचं, असं वाटेत पक्कं केलं होतं. तेवढ्यात तीच हसून म्हणाली, "बाई, त्या वर्साला आपल्या शाळंचा दुसरा नंबर आला हुता म्हनं! बा नं सांगितलं तवा मी उसाच्या फडावर समद्यांना सांगत सुटले, ती माझी शाळा हाय म्हनून."