ग्रीसवर उगवलेलं अळीव

खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. शारजात आमच्या खालच्या मजल्यावर राहायची ती, माझ्याच वर्गात, नववीत. मार्कांचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण माझे बाबा तिच्याशी ज्या कौतुकाच्या आवाजात बोलायचे, तो आवाज माझ्या वाट्याला कधी आला नाही. तिचे बाबा खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला, घरी फक्त शुक्रवारी यायचे. माझे रोज यायचे, पण दुबईच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास रखडून आल्यावर माणूस जेवतो आणि आडवा होतो.

दिवाळीच्या सुमारास टीचरनी प्राचीन ग्रीसचं मॉडेल करायला सांगितलं. सगळ्यात चांगलं मॉडेल वर्षभर काचेच्या कपाटात. मला ते कपाट हवंच होतं. बाबांनी ते बघावं आणि त्या आवाजात एकदा मला "शाब्बास" म्हणावं, बस.

त्या शुक्रवारी तिच्या बाबांना सुट्टी मिळाली नाही. बाबा म्हणाले, आपणच तिकडे जाऊ. ती वडिलांना भेटेल, तुला माती मिळेल. आम्ही साताऱ्याचे, दिवाळीत बाल्कनीत किल्ला करणारे. शारजाच्या रेतीचा बुरूज उभा राहत नाही, म्हणून माती दरवर्षी खोर फक्कानच्या डोंगरातूनच आणायचो.

खोर फक्कानला तिचे बाबा जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले. मागच्या डोंगरातून येणारा रस्ता दाखवून म्हणाले, "हा रस्ता नव्हता तेव्हा इथली माणसं होडीनंच जायची-यायची. पिकणार काय या दगडात? समुद्र होता म्हणून जगली."

तिनं डोंगराकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे ग्रीससारखंच. डोंगरांमुळे प्रत्येक गाव वेगळं पडलं, आपापलं राज्य झालं. धान्य पुरेना म्हणून ते समुद्रावर गेले आणि येताना फिनिशियन लोकांची अक्षरं, इजिप्तची शिल्पं शिकून आले."

"वा!" माझे बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बघ, याला म्हणतात डोकं."

मी मातीची पिशवी धरून उभी होते. तळपायाची आग मस्तकात गेली. आठवड्यातून एकदा तिला तिचे बाबा मिळायचे, आणि त्याच दिवशी तिनं माझेही घेतले.

मी इरेला पेटून ग्रीस केलं. डोंगर, दऱ्या, वर अथेन्स, पायऱ्यांसकट. आणि हाताला सवय म्हणून किल्ल्यावर पेरतात तसं अळीव पेरलं. प्रदर्शनाच्या दिवशी अख्खं ग्रीस हिरवंगार झालेलं. तिचं मॉडेल म्हणजे पाण्यानं भरलेली परात, काठाला काळे दगड आणि कागदी होड्या. मी मनात हसले.

टीचर माझ्यापाशी थांबल्या. "इतकं पिकत होतं, तर ही माणसं समुद्रावर गेली कशाला?"

आता अळीव उपटूही शकत नव्हते. आणि तोंडातून तिचं वाक्य बाहेर पडलं. "पिकायचं ते एवढ्याशा दऱ्यांत, मॅम. ते पुरायचं नाही, म्हणून गेले." मग पुढचंही आलं, वेगळी पडलेली गावं, अक्षरं, शिल्पं, सगळं. एक शब्द गाळला नाही.

माझ्यानंतर तिचा नंबर होता. ती तेच बोलायला लागली, तशी मागून कुणीतरी "कॉपी" म्हणालं. ती थांबली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि "खलास, मॅम, एवढंच," म्हणून परातीतल्या होड्या सरळ करत बसली. कपाट मला मिळालं.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. काय बोलले तेही सांगून बसले, मूर्खासारखी. खोर फक्कानला ते शेजारीच उभे होते हे विसरून. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. ती आमच्याकडे दही मागायला आली होती, दारातच होती. बाबांनी तिला विचारलं, "आणि तू काय बोललीस गं?"

"आम्ही दोघींनी मिळूनच ठरवलं होतं, काका," ती म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिला खोटं बोलता येत नव्हतं, ते त्यांना दिसलं आणि मलाही. "शाब्बास, पोरी," ते म्हणाले. अगदी त्याच आवाजात.

मी उठून तिच्या वाटीत दही घातलं. त्या दिवशी मला तिच्या खोटं बोलण्याचासुद्धा हेवा वाटला.