धनतेरसच्या आधीचा रविवार

आमचं लातूरला भांड्यांचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट तिथून सुरू होते आणि तिथंच येऊन अडते. लग्नं, बारशी, गावाला जाणं, सगळं आम्ही सीझन बघून करतो. एकदा मी मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे तोंडावर बोलून दाखवलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मग? लग्नसराईत आपणच लगीन काढलं तर लोकाला भांडे कोण देईल?"

दुकानात मामा गल्ल्यावर बसतात, नवरा माल बघतो आणि दाराजवळच्या पाटावर आत्याबाई बसतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं काम नाव घालण्याचं. गिऱ्हाइकानं ताट, तांब्या, पातेलं घेतलं की त्यावर नाव घालून द्यायचं, आणि तेही छन्नी-हातोडीनं, ठिपक्याला ठिपका लावून. नवऱ्यानं मागे विजेचं मशीन आणलं. आत्याबाईंनी चार दिवस चालवलं आणि खोक्यात परत घालून ठेवलं. "अक्षर येतंय बरं," म्हणाल्या, "पण हाताला काई लागत न्हाई."

त्यांची हातोडी चालू असली की दुकानात एक ठरलेला आवाज असतो. टकटक टकटक टक, आणि मग एक ठोका रिकामा. हातोडी वर जाते, क्षणभर तिथंच राहते, मग पुन्हा टकटक. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, मी तो ऐकते आहे. गर्दीच्या दिवसांत मामा गल्ल्यावरून ओरडतात, "हात चालव की, मधीच काय थांबतीस?" आत्याबाई मान वर न करता "हाव" म्हणतात आणि तशाच थांबत राहतात.

गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर माझी लेक दुकानात बसून मोबाइल बघत होती. त्यात मोरपिसांचे मोठाले टोप घातलेली माणसं नाचत होती आणि ढोल वाजत होते. आत्याबाईंची हातोडी हवेत थांबली ती खाली आलीच नाही.

"वाढव गं आवाज," त्या नातीला म्हणाल्या. पूर्ण ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "हे आमच्याकडचं हाय. दंडारी."

आमच्याकडचं म्हणजे किनवटकडचं. त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते. तेव्हा ती लाइन छोटी, मीटरगेजची होती आणि किनवटच्या अलीकडे जंगलातल्या एका स्टेशनाजवळ त्यांचं क्वार्टर होतं. दिवाळीच्या आधी डोंगरातल्या गोंडांच्या गावांतून दंडारी निघायची. एका गावचे नाचणारे-वाजवणारे दुसऱ्या गावाला पाहुणे म्हणून जायचे आणि वाटेत रुळाच्या कडेला थांबायचे. आत्याबाईंची आई सुपात ज्वारी घेऊन बाहेर यायची आणि आत्याबाई वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकायच्या. हे सगळं मला एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. सासूबाईंचं माहेर म्हणजे मला फक्त एक फोटो आणि एक पितळी डबा एवढंच ठाऊक होतं.

"एकदा समोर बसून ऐकायचंय," त्या म्हणाल्या. "गुडघे चालत्यात तंवर."

त्या बाईनं माझ्यासमोर कधी काही मागितलं नव्हतं. साडी आणली तर "कशाला माय," चष्मा बदला म्हटलं तर "दिसतंय की." त्यामुळे मी त्याच दिवशी कागद घेऊन बसले.

मी शाळेत गणित शिकवते. मला कागदावर उतरल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. भाऊबीज झाली की दुकान थंडावतं, म्हणून भाऊबीजेचा दुसरा दिवस धरला. पहाटे पाचला निघायचं, अहमदपूर, लोहा, नांदेड, मग भोकर, हिमायतनगर आणि किनवट. मामा लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाहीत, तेव्हा ती निघण्याआधी की वाटेत, यावर दोन दिवस खल झाला. शेवटी हिमायतनगरला देवळाच्या ओट्यावर करायची असं ठरलं. नायगावला दिलेल्या माझ्या नणंदेनं फोनवर हट्ट धरला की जाता जाता तिच्याकडे जेवायचं. नायगाव वाटेवर येत नाही म्हटलं, तर म्हणाली, "मग वाट बदला." तिला आणि नकाशाला दोघांनाही सांभाळता सांभाळता माझा कागद पाठपोट भरला. आत्याबाई जाता-येता त्याकडे बघायच्या आणि "लई चांगलं केलीस" म्हणायच्या.

आता माझी हुशारी ऐका. मार्ग ठरला, धपाटे किती, चटणी किती ते ठरलं, मामांची पूजा ठरली. फक्त ज्यांचं वाजवणं ऐकायला जायचं, त्यांना विचारायचं राहिलं होतं. माझी एक मैत्रीण किनवटच्या पुढे आश्रमशाळेत शिक्षिका आहे. बी.एड.ला आम्ही एका खोलीत राहिलो. ती स्वतः गोंड, तिथल्याच डोंगरातली. दुकानात बसूनच मी तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल.

"भाऊबीजेनंतर?" ती हसली. "तवर तर ढोल उतरून ठेवलेले असतात. दिवाळीला शेवटची पूजा झाली की संपलं. मग वर्षभर कोणी हात लावत नाही."

नवऱ्याला व्यापारी तोडगा सुचला. तो मागून म्हणाला, "आपण त्यांना काही मानधन देऊ. आपल्यापुरतं तासभर वाजवतील की."

तिनं ते ऐकलं. रागावली नाही, पण हसायची थांबली. "दाजी, तो आमचा देव हाय, बँड न्हाई," ती म्हणाली. "धनतेरसच्या आधीच्या रविवारी या. त्या दिवशी आमच्या गावात दुसऱ्या गावची दंडारी येऊन राहिली. तुम्ही पण पाहुणे म्हणूनच या. पाहुण्याला आमच्याकडं कोणी काही मागत नाही, अन् उपाशीही धाडत नाही."

फोन ठेवला. भांड्यांच्या दुकानात धनतेरसच्या आधीचा रविवार म्हणजे काय, हे शेजारचा चहावालाही सांगेल. वर्षाची अर्धी विक्री त्या आठवड्यात होते. आणि त्या आठवड्यात सगळ्यात जास्त अडतं ते नाव घालणाऱ्या बाईवाचून.

"ऱ्हाऊ द्या," आत्याबाई म्हणाल्या. "मला ठावं होतं."

"काय ठाऊक होतं?" मी विचारलं.

"की तवर ढोल उतरतेत म्हणून."

मला खरंच राग आला. आठवडाभर मी तो कागद रंगवत होते, त्या रोज तो बघत होत्या, आणि आपण गेलो तरी तिथं काहीच ऐकू येणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "मग बोलला का नाहीत?" मी म्हणाले, जरा मोठ्यानंच.

त्यांनी हातातलं ताट पुसलं. "दिवाळीत दुकान सोडून चला, असं कसं म्हणू माय? अन् तू एवढ्या हौसेनं कराय लागलीस. गाव तरी बघून येऊ म्हणलं. आमचा दिवाळसण बी असाच झाला. ह्यांचं दुकान होतं म्हणून भाऊबीज झाल्यावर गेलो. बाबा म्हणले, जावयबापू, चार दिवस आधी आला असतात तर दंडारी दावली असती. हे म्हणले, फुडल्या वर्षी."

पुढचं वर्ष कधी आलं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. एकेचाळीस वर्षं त्या प्रत्येक दिवाळीत त्या पाटावर बसलेल्या होत्या. मामा गल्ल्यात मान घालून सुटे पैसे उगाच इकडचे तिकडे करत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला स्वतःची लाज वाटली. नकाशातली सगळी गावं मला पाठ होती, पण शेजारी बसलेल्या बाईचं मन मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून दुकानाकडे आले, तर दारावर पुठ्ठ्याची पाटी. मामांच्या हस्ताक्षरात: "येत्या रविवारी दुकान बंद राहील. नावे सोमवारी घालून मिळतील." मी ती दोनदा वाचली. शेजारचे दोन व्यापारी आत बसले होते आणि दबक्या आवाजात कुणाचं काही बरंवाईट झालं का, असं विचारत होते. मामा म्हणाले, "न्हाई हो. सासुरवाडीला चाललोय. दिवाळसणाला."

"ह्या वयात?" एकानं विचारलं.

"जरा उशीर झाला," मामा म्हणाले. या माणसाशी मी एकोणीस वर्षांत किती वेळा भांडले असेन, त्याची गणती नाही. त्या दिवशी मात्र मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. अर्थात पडले नाही, नाहीतर त्यांनी कारण विचारलं असतं.

पाहुणे म्हणून जायचं तर हात हलवत कसं जायचं, म्हणून मामांनी दुकानातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं. त्यावर आपल्या दुकानाचं नाव घाल, असं आत्याबाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, "पाहुण्यानं दुसऱ्याच्या चुलीवर आपलं नाव घालू नये." मग त्यांनी त्या गावाचं नाव घातलं. टकटक टकटक टक, आणि एक ठोका रिकामा. मामा घाई असूनही हात चालव म्हणाले नाहीत.

रविवारी आम्ही पाचला निघालो, आणि माझा कागद अहमदपूरलाच मागे पडला, कारण लेक आपली शबनम पिशवी घरी विसरली आणि तिथून परत यावं लागलं. हिमायतनगरला मामांची पूजा झाली, धपाटे संपले. भोकर सोडल्यापासूनच आत्याबाईंनी काच खाली केली होती. इस्लापूरच्या पुढे सागाचं रान लागलं, रस्ता डोंगरात शिरला आणि त्या ओळीनं झाडांची, ओढ्यांची नावं सांगू लागल्या. घरात दिवसाला दहा वाक्यं बोलणारी बाई. लेक माझ्याकडे बघून नुसती हसत होती.

गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मैत्रिणीनं आम्हाला मोहाच्या झाडाखाली सतरंजीवर बसवलं. पातेलं तिच्या आईनं घेतलं, त्यावरचं नाव बोटानं चाचपलं आणि लगेच चुलीवर चढवलं. थोड्या वेळानं वरच्या वळणावरून सनई ऐकू आली, मग मोरपिसांचे टोप दिसले. यजमान गाव सामोरं गेलं. त्यांच्या भेटी झाल्या आणि आमच्यापासून वीस हातांवर रिंगण धरलं गेलं.

ढोल सुरू झाले तेव्हा आधी मला काही समजलंच नाही. आवाज छातीवर येत होता तेवढाच. मग ताल बसला. नाचणारे सगळे मिळून एक पाय उचलत, आणि पाय हवेत असेपर्यंत ढोल गप्प राहत. पाय टेकला की पुन्हा सुरू. किती साधं होतं, आणि इतकी माणसं ते चुकत कशी नव्हती, याचं मला नवल वाटत होतं. पंचविसेक माणसं, म्हातारी आणि पोरंही, पण ती रिकामी जागा एकानंही भरली नाही.

मामा ताठ बसले. त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं, ढोलाकडे बघितलं, पुन्हा आत्याबाईंकडे बघितलं.

"हे तर आपल्या दुकानातलं हाय," ते म्हणाले.

आत्याबाईंची नजर रिंगणावरून हलली नाही. त्यांचं बोट गुडघ्यावर चालू होतं.

"एकेचाळीस वर्सं तू हे वाजवायलीस?" मामांनी विचारलं. "अन् मी रोज तुला हात चालव म्हणायलो."

"हात चालव म्हणला तुमी," आत्याबाई म्हणाल्या. "बंद कर कवा म्हणला न्हाई."

मला डोळे पुसावे लागले. ते मी उघडपणे पुसले, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मामांनी बऱ्याच वेळानं आपल्या गुडघ्यावर बोट वाजवायला सुरुवात केली. त्यांना ते जमेना. रिकाम्या ठोक्याला त्यांचं बोट प्रत्येक वेळी खाली यायचं. आत्याबाईंनी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा त्यांचा हात धरला आणि हवेतच थांबवून ठेवला.

"हितं थांबायचं," त्या म्हणाल्या.