नरकातला पाठमोरा माणूस

सगळे तिला पाटीवाली म्हणत. ‘डॉक्टर आत आहेत’ पासून ‘इथे गाडी लावू नये’ पर्यंत गावातलं प्रत्येक अक्षर तिच्या हातचं. डोक्याला रुमाल, कानावर ब्रश आणि जीभ अशी की दुकानदार हात जोडून म्हणायचे, “बाई, गोड तेवढं पाटीवर लिहा, बाकी तुमच्याजवळच ठेवा.”

म्हणून चर्चच्या भिंतीवरचं जुनं चित्र पोपडे धरून गळायला लागलं, तेव्हा बोलावणं तिलाच आलं. चित्रात वर स्वर्ग, खाली नरक. स्वर्ग ठणठणीत कोरडा, ओल लागली ती नेमकी नरकाला. “एवढी आग, तरी ओल!” असं म्हणत ती मचाणावर चढली आणि चाकूने पोपडे काढू लागली.

नरकात तिघे होते. बाटलीवाला दारुडा, थैली कवटाळलेला कंजूष आणि कोपऱ्यात वेदीकडे पाठ करून उभा असलेला अविश्वासी.

चर्च कमिटीचे अध्यक्षकाका खाली उभे राहून घसा खाकरायचे. त्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नसे. “अह्हं! म्हणजे कसं, होतं तसंच पाहिजे. आणि तो कोपऱ्यातला अविश्वासी, म्हणजे कसं, जरा ठळक करा. लोकांना जरब बसली पाहिजे.”

“होय काका. म्हणजे कसं, बघते,” पाटीवाली हुबेहूब त्यांच्याच सुरात म्हणाली. काकांना काही कळलं नाही.

तिचं हसू ओसरलं ते आई डबा घेऊन आली तेव्हा. आईने डबा बाकावर ठेवला, पण हात त्यावरून उचलला नाही.

“अगं, तो परत काढणार का गं?”

“कोण?”

“पाठमोरा. खांदे अगदी ह्यांच्यासारखे आहेत.”

पाटीवालीच्या हातातला चाकू थांबला. बाबा कुलपं दुरुस्त करायचे. देवावर त्यांचा विश्वास नव्हता, पण दर रविवारी आईला चर्चच्या पायरीपर्यंत सोडून, आतली उपासना, मिस्सा, संपेपर्यंत तिची छत्री मांडीवर घेऊन बाहेर बसायचे. आई म्हणायची, “या की आत.” ते म्हणायचे, “तुझ्या देवाला नमस्कार सांग. पटल्याशिवाय हात जोडले तर ती लबाडी, आणि लबाडी तुझ्या देवाला तरी चालेल का?” चर्चच्या मोठ्या दाराचं कुलूप मात्र त्यांनीच बनवलं होतं. आत आले ते तेवढ्यापुरतेच. गेल्या वर्षी ते गेले, आणि तेव्हापासून आई वेदीकडे नव्हे, त्या कोपऱ्याकडे बघत मिस्सा ऐकत होती.

पाटीवाली तशीच, पोपड्यांच्या भुकटीने माखलेल्या हातांनी, फादरांच्या खोलीत शिरली.

“फादर, सरळ सांगा. बाबा नरकात आहेत?”

फादर आधी चष्मा पुसत, मग बोलत. आज जरा जास्तच पुसला. “नरक आहे, पोरी. देवाला ओळखून, जाणूनबुजून, शेवटपर्यंत जो नाही म्हणतो, तो स्वतःच्या पायांनी तिकडे जातो. हे मी पातळ करून सांगणार नाही.”

“आणि ज्याला पटलंच नाही, पण जो खोटं वागला नाही तो?”

“ज्याचा दोष नाही, जो खऱ्या मनाने खरं तेच शोधत राहिला, त्याचंही तारण होऊ शकतं, असं चर्चच शिकवतं. ख्रिस्ताची कृपा त्याच्यापर्यंत कुठल्या वाटेने पोचते ते देव जाणे. त्यांच्या मनात काय होतं ते मला दिसत नाही. खात्री मी देणार नाही. आशा धर, प्रार्थना कर.” त्यांनी चष्मा चढवला. “आणि एक. संतांची नावं चर्च जाहीर करतं. अमका नरकात आहे असं आजवर एकाचंही जाहीर केलेलं नाही.”

“एकाचंही?”

“एकाचंही.”

ती जी निघाली ती थेट मचाणावर.

रविवारी चित्रावरचा पडदा सरला. नरक असा पेटला होता की पुढच्या बाकावरच्यांनी पाय मागे घेतले. काळा, लाल, खोल, कोणीही घसरेल असा. पण आत चेहरा एकही नाही, पाठही नाही. आईने चष्मा लावून कोपरान्‌कोपरा तपासला. मग नजर हळूहळू वर गेली. स्वर्गाच्या दाराला एक कुलूप होतं, पितळी, डाव्या बाजूला जरासं चेपलेलं. तसं कुलूप जगात एकच होतं, ते चर्चच्या मोठ्या दाराला.

“हे ह्यांच्या हातचं,” आई पुटपुटली. दोन्ही हात तोंडावर गेले.

“अह्हं!” मागून आवाज आला. “म्हणजे कसं, चेहरे कुठायत? माणसं कुठायत नरकात?”

आई वळली. आयुष्यभर चर्चमध्ये कुजबुजत बोललेली ती बाई, पार शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नावं फक्त देवाला ठाऊक, काका. माझ्या लेकीला पाटीवर खोटं लिहिता येत नाही, बापावर गेलीय. तरी तुम्हाला घाई असेल तर सांगा, जागा भरपूर आहे!”

फादरांनी घाईघाईने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.