बस्त्यांव शिंप्याचं उपासातलं मौन

ठाण्याला टेंभी नाक्यावर बस्त्यांव फरेर याचं कपडे शिवायचं दुकान होतं. कोर्टातले वकील आणि कलेक्टर कचेरीतले कारकून त्याच्याकडे कोट शिवून घेत. हात चांगला होता. फक्त माप देताना त्याच्या किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, धर्माबद्दल वाकडं बोलायचं नाही, एवढं पथ्य गिऱ्हाइकाला पाळावं लागे. वादात बस्त्यांव जिंकला तर कोट झकास बसे. हरला तर एक बाही हमखास आखूड.

आणि हरायचा तो बऱ्याचदा. उत्तर चांगलं असलं तरी त्याला ते पुरेसं वाटत नसे. पृथ्वी फिरते असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या विद्वानाला तुमच्या धर्ममार्तंडांनी डांबून ठेवलं, असं एकदा एका कारकुनाने काढलं. ती चूकच होती, असं पाद्री स्वतः सांगत. बस्त्यांव म्हणाला, "फिरत असेल. पण सांगायची काय रीत हाय का नाय? उद्या मी तुमच्या वटीवर येऊन बोललो, तुमचं घर गरगर फिरतंय, तर तुमी मना पान द्याल का?"

पोपची गोष्ट तशीच. पापासायब कधीच चुकत नाहीत म्हणे, असं कुणी विचारलं. "धर्माची शिकवण जगाला ठरवून देतात, तवा चुकत नाय. एरवी तुमच्याआमच्यासारखं माणूस," असं उत्तर त्याने दिलं. ते अगदी बरोबर होतं. पण समोरचा गप्प बसलेला पाहून त्याला चेव आला, आणि पापासायबांचा पत्त्यांचा डावही आजवर कुणी उलटवलेला नाही, असं त्याने वर जोडून दिलं.

हे तळ्याकाठच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पोचलं. तिथले पाद्री मिनेझिस गोव्याचे, वयाने थकलेले. त्यांनी बस्त्यांवला बोलावून घेतलं. अठराशे एकोणनव्वद सालचा, ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ नुकता लागला होता.

"बस्त्यांव," ते म्हणाले, "आपल्या धर्मावर आजवर पुष्कळ हल्ले झाले. त्यातून तो वाचला. तुझ्या मदतीतून वाचेल की नाही, मला सांगता येत नाही. ईस्टरपर्यंत मांस सोडतोस, तसा वादही सोड."

"पाद्रीसायब, मी मासळी पण सोडतो. पण वाद…"

"मासळी खा," पाद्री म्हणाले.

बस्त्यांवने कबूल केलं. दुकानात कुणी धर्माचं काढलं की तो मूठभर टाचण्या ओठांत धरी, म्हणजे तोंड उघडायची सोयच उरत नसे. त्याची बायको दुमिंगी आतल्या बाजूला बसून काजं करायची. इतकी शांतता तिने लग्नापासून पाहिली नव्हती. नवरा आजारी असावा म्हणून तिने दोन दिवस त्याला आल्याचा काढा पाजला.

अशात विठ्ठलपंत वकील कोट शिवायला आले. पंत सुधारक होते. मूर्तिपूजा, सोवळंओवळं, सगळ्यावर त्यांचं बोलणं चाले, आणि बस्त्यांव म्हणजे त्यांचं आवडतं गिऱ्हाईक, कारण दुसरं कुणी इतकं तापत नसे.

"काय रे बस्त्यांव, आज टाचण्या?" पंत हात पसरून उभे राहिले. बस्त्यांवने मान हलवली. पंतांनी पोपपासून सुरुवात केली. उत्तर नाही. मेणबत्त्या आणि पुतळ्यांवर आले. बस्त्यांवचे कान लाल झाले, पण उत्तर नाही. मग पंतांनी ठेवणीतलं काढलं.

"तुमचा धर्म म्हणजे काय, फिरंग्याची जबरदस्ती. विहिरीत पाव टाकला, तुमच्या खापरपणज्याने पाणी प्यायलं, झाला किरिस्तांव. तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

बस्त्यांवचा श्वास असा अडकला की टाचण्या घशात जातात की काय, असं वाटलं. तेवढ्यात आतून दुमिंगी बोलली. मौन तिने धरलेलं नव्हतं.

"टाकला असंल पाव. फिरंग्यानं वाईट केलं त्ये वाईटच, त्येची वकिली मी कशाला करू? पण फिरंगी गेला की वो. पेशव्यांचं राज्य आलं. पाद्री पळालं, देवळं ओस पडली. तवा आमच्या खापरपणजीला कोण धरून बसला होता? उलट लोक हसायचं. तरी तिनं पोरांना देवाचं मागणं शिकवलंच ना?"

पंतांनी हात खाली घेतले. "त्याला सवय म्हणतात, दुमिंगीबाई. लागली की सुटत नाही."

"सवय तर नवऱ्याची पण असते," दुमिंगी सुईत दोरा ओवत म्हणाली. "तरी सकाळी उठून त्याला नव्यानं पत्करावं लागतं."

पंत मोठ्याने हसले आणि निघून गेले. बस्त्यांवने टाचण्या एकेक करून काढल्या. बायकोला शाबासकी द्यावी असं त्याच्या मनात आलं, पण तोंडातून निघालं, "माझं मौन होतं म्हणून तुझं चाललं." जेवतानाही तो तिच्याकडे पाहीना. इतक्या वर्षांत त्याला जे जमलं नाही, ते हिने काज करता करता उरकलं होतं.

मग त्याने मनातल्या मनात उत्तरं रचायला घेतली. देवळातला ईस्टरचा मिस्सा संपला, सण झाला, आणि दुसऱ्याच दिवशी तो पंतांच्या दारात उभा राहिला. पंत कल्याणच्या कोर्टात गेले होते. बस्त्यांवने ठाणे स्टेशन गाठलं आणि कल्याणचं तिकीट काढलं.

कोर्टाबाहेर चिंचेखाली पंत पक्षकाराची वाट पाहत होते. बस्त्यांवने रामराम केला आणि सगळं एका दमात सुरू केलं: पुतळा म्हणजे देव नव्हे, आईच्या तसबिरीला हात जोडले म्हणून कुणी कागदाचं लेकरू होत नाही, देवळात वाईट माणसं झाली, तशी महारोग्यांचे पाय धुणारीही झाली. लोक जमले. एका पक्षकाराला वाटलं हाच मोठा वकील, म्हणून त्याने त्याला फी विचारली.

"बस्त्यांव, हे चांगलं बोललास," पंत म्हणाले. "पण तू एवढा तापतोस का?"

बस्त्यांवने जमलेल्या लोकांकडे पाठ केली. मग हळूच म्हणाला, "तुमी शिकलेलं. तुमचंच खरं निघालं तर, म्हणून भ्या वाटतं, वकीलसायब. ताप आला की भ्या जातं."

पंत मान खाली घालून चिंचेचे आकडे पायाने सारत राहिले. "मी विलायती बिस्कीट खाल्लं, तेव्हापासून बाटलो म्हणून माझे भाऊ माझ्याशी बोलत नाहीत," ते म्हणाले. "मला घरात वाद घालायला माणूस नाही. तुला काय वाटलं, मला एवढे कोट लागतात?"

संध्याकाळी दोघे एकाच गाडीने परत निघाले. डोंबिवली मागे पडेपर्यंत वाद सज्जन माणसांसारखा चालला. मग संतांच्या चमत्कारांचा विषय निघाला, आणि ठाणे कधी आलं नि गेलं ते दोघांनाही कळलं नाही. भांडुपला उतरून ते भांडत भांडत चालत आले. पंतांच्या नव्या जोड्याने टाच सोलली, तेव्हा त्यांनी निदान एक चमत्कार आता उपयोगी पडला असता, असं कबूल केलं.

दुमिंगी दारात दिवा घेऊन उभी होती. "कोण जिंकलं?" तिने विचारलं.

"अजून चालू हाय," बस्त्यांव म्हणाला. "त्यांना बस म्हण. आणि पेज वाढ. तुझं त्या दिवशीचं बोलणं बरोबर होतं, त्येबी सांगायचं राहिलं."

तिने दोन वाट्या पुढे ठेवल्या. विठ्ठलपंतांनी वाटीकडे पाहिलं, रस्त्यावर कुणी आहे का ते पाहिलं, आणि वाटी उचलून तोंडाला लावली.