सोलापूरचा तिसरा पुकारा

दौंडला गाडी बदलली तेव्हा माझ्या हातात एक पिशवी होती आणि डोक्यात एकच वाक्य : "माझी हरकत आहे." नगरपासून मी ते घोकत आलो होतो.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावे उपासनेत वाचतात. याला आम्ही पुकारा म्हणतो. कोणाची हरकत असेल त्याने तिथेच उठून सांगायचे. तिसरा पुकारा बिनहरकत पार पडला की लग्न पक्के. माझ्या मार्थाचे नाव सोलापूरच्या शमुवेलबरोबर दोनदा वाचून झाले होते. साखरपुड्याच्या वेळी तो गिरणीत कारकून होता. दुसऱ्या पुकाऱ्यानंतर कळले, की गिरणी सोडून त्याने मैंदर्गीच्या मिशन शाळेत निम्म्या पगारावर मास्तरकी धरली आहे. आणि कळले कोणाकडून, तर दुकानावर आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून.

मी दोरांचा व्यापारी. डोक्यावर भारा घेऊन आठवड्याचे बाजार करीत मी दुकान उभे केले. दाखवायचा माल एक आणि गाडीत भरायचा दुसरा, असे करणाऱ्याला मी दुकानाची पायरी चढू देत नाही. नगरच्या मंडळीत उठलो असतो तर शोभा माझ्या मुलीची झाली असती. सोलापुरात उठलो तर त्याची होईल, असा विचार करून मी निघालो.

कुर्डुवाडीला चहा घेतला. माढ्याच्या बाजूला थोडा हिरवा ऊस दिसला, मग पुन्हा काळी, तापलेली, उघडी जमीन. शुक्रवारी दुपारी सोलापूरला उतरलो तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता. टांगेवाल्याला मी घासाघीस करून निम्म्यावर आणले. त्याने मला शुक्रवार पेठेच्या तोंडाशीच उतरवले आणि घोडा वळवीत म्हणाला, "इत्ते में इत्ताच आता, सेठ." उन्हात अर्धी पेठ तुडवावी लागली.

शमुवेलची आई लेयाबाई दोन खोल्यांत राहते. नवरा लवकर गेला. शिवणकाम करून तिने मुलाला शिकवले. तिने कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही वाढले. पहिला घास गिळण्याआधीच मी सुरू झालो. फसवणूक, बेइमानी, जे तोंडाला आले ते बोललो. ती पंख्याने वारा घालीत ऐकत राहिली. मग म्हणाली, "पाव्हणं, एक इचारू? साखरपुड्याला तुमी हातावर हात मारला तो कुणाच्या? गिरणीच्या, का माज्या लेकाच्या?"

मी म्हटले, तो गिरणीत होता म्हणूनच मारला.

"मग गिरणीलाच पोरगी द्या की," ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी वाढली.

शनिवारी सकाळी मी मैंदर्गीला निघालो. अक्कलकोटपर्यंत एक मोटार, पुढे दुसरी. त्या दुसऱ्या मोटारीचे चाक वाटेत बसले आणि तासभर बाभळीखाली काढावा लागला. त्या भागात निम्मे लोक कानडी बोलतात. शाळेच्या दारात एक म्हातारी बसली होती. ती "बर्री" (या) म्हणाली, पण तिची नजर काही चांगली नव्हती.

शाळा म्हणजे एक लांब खोली, ओसरी आणि आवारात विहीर. गावच्या विहिरीवर या मुलांच्या घरच्यांना पाणी भरू देत नाहीत, म्हणून सगळी वस्ती इथेच येते. शमुवेल मुलांना पाढे म्हणायला लावून बाहेर आला आणि "मामा" म्हणून पाया पडला. मला तहान लागली होती. तो पाणी काढायला निघाला, तोच मी दोर हातातून घेतला. अंगठ्याने चाचपला. तीन ठिकाणी गाठ मारलेली, पीळ सुटलेला. असला दोर मी गोठ्यातसुद्धा ठेवणार नाही. तरी त्यानेच पोहरा वर ओढला. मी पाणी प्यालो आणि ओसरीवर बसलो.

मग मी सौद्याला लागलो. नगरला चल, म्हटले, दुकानात बस. तो गप्प. पाव भागी दिली, गप्प. निम्मी दिली. गप्प राहणाऱ्याशी घासाघीस करणे फार अवघड असते. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले, की हा भाव वाढवीत नाही. याला विकायचेच नाही.

"तुला काय देवाची वाणी झाली?" मी चिडून विचारले.

"नाही, मामा. जुने मास्तर वारले, शाळेला कुलूप लागलं. यायला कोणी तयार नव्हतं. मी तीन आठवडे प्रार्थना केली. काहीच ऐकू आलं नाही. ते कुलूप तेवढं दिसत राहिलं. मग होय म्हटलं."

"आणि आता?"

"आता भीती वाटते. रोज सकाळी पुन्हा होय म्हणावं लागतं."

मला न कळवल्याबद्दल त्याला धारेवर धरले, तेव्हा तो अवघडला. गिरणी सोडण्याआधी त्याने मार्थाला पत्र लिहिले होते. तिने उत्तर पाठवले, की मीही येते, मुलींचा वर्ग मी घेईन. बाबांना मीच सांगते. "सांगायला ती दोनदा दुकानात आली होती म्हणे," तो म्हणाला, "पण तुमचा आवाज ऐकून परत फिरली."

म्हातारी मधेच कानडीत काही बोलली. शमुवेलने मान खाली घातली.

"काय म्हणते?"

"मला परत न्यायला आलेले ते तुम्हीच का, असं विचारते."

मी उठून चपला घातल्या. परतीच्या मोटारीत मात्र मला वडिलांची आठवण येत राहिली. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांच्याकडून दोर घेणे बंद केले. दोन वर्षे आम्ही उपाशीतापाशी काढली. परत फिर, सगळे पूर्वीसारखे होईल, असे सांगायला पाटलाचा माणूस दारात आला, तेव्हा वडील अंबाडी वळीत बसले होते. ते वळीतच राहिले. त्या भुकेला भिऊन मी दुकान काढले आणि त्याच भुकेला भिऊन जावई कारकून पाहिला. वडिलांचा मला अभिमान आहे, असे मी मंडळीत नेहमी सांगतो. त्यांच्यासारखा माणूस घरात येऊ लागला, तर मी हरकत घ्यायला गाडी पकडली होती.

रविवारी देऊळ, म्हणजे आमचे चर्च, भरलेले होते. पाळकसाहेबांनी दोन्ही नावे वाचली, कोणाची हरकत आहे का म्हणून विचारले आणि थांबले. मी उठलो. उठताना काय बोलणार होतो, ते आजही मला नीट सांगता येणार नाही. पण एक गोष्ट मी विसरलो होतो : परगावचा पाहुणा उपासनेत उठला की तो आपल्या मंडळीचा सलाम घेऊन आला, असे धरतात. पाळकसाहेब हसून म्हणाले, "नगरच्या मंडळीचा सलाम आणलात?" आणि सगळी मंडळी उभी राहून "सलाम" म्हणाली.

इथेच बसलो असतो तरी चालले असते. पुकारा पार पडला असता आणि घरी जाऊन, मला बोलूच दिले नाही, असे म्हणायला मी मोकळा राहिलो असतो. लेयाबाई माझ्याकडे बघत नव्हती. मी उभाच राहिलो.

"सलाम आहेच," मी म्हटले. "मी मुलीचा बाप. माझी हरकत होती, तेवढ्यासाठीच मी आलो होतो. ती हरकत आता नाही. हे सर्वांनी ऐकून ठेवा, म्हणजे उद्या मला फिरता येणार नाही."

मागून कोणीतरी हसले. लेयाबाईने पदराने तोंड पुसले.

सोमवारी गाडीत मी मुलीवर रागावण्याचा प्रयत्न करीत होतो. बापाच्या आवाजाला भिणारी पोर मैंदर्गीला जायला भीत नाही, हे मला अजून नीट पचलेले नाही. घरी ती दारातच उभी होती. चेहरा उतरलेला. मी सरळ दुकानात गेलो, अंबाडीचा नवा दोर काढला आणि वाव (दोन्ही हात पसरून होते ते माप) घालू लागलो.

ती मागून आली. "बाबा, कुणाचा माल?"

"मैंदर्गीच्या शाळेचा."

तिने दोराचे दुसरे टोक धरले. मग हळूच म्हणाली, "किती लागेल?"

"नऊ वाव," मी म्हटले, आणि थबकलो. ती विहीर मला कोणी मोजायला सांगितली नव्हती. शमुवेल पोहरा ओढत होता तेव्हा, हरकत तोंडात धरून, मी वर येणारा दोर मनाशी मोजीत उभा होतो.

"दहा करू," मी तिला म्हटले, शक्य तितक्या हळू आवाजात. "उन्हाळ्यात पाणी खाली जातं."