परक्या बाईच्या पदरात कवळी
कवळी वाटीत काढून ठेवली की नाशिकचा तो दवाखाना आठवतो. बायको जाऊन वर्ष झालं होतं. वजनापायी जिना चढवेना, म्हणून पोट लहान करायच्या ऑपरेशनला मी पेठहून एसटीनं एकटाच गेलो. आत न्यायच्या आधी सिस्टर म्हणाली, "कवळी काढून सोबतच्या माणसाकडं द्या." सोबत होतं कोण? आणि ती कवळी बायकोनं मागं लागून बसवून दिलेली, वाटेल त्याच्या हातात कशी देऊ? शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोनं पदर पुढं केला. "द्या बाबा, मी सांभाळते." ओळख ना पाळख, आणि एवढा गोडवा? मी म्हटलं, "तुला काय करायचेत माझे दात?" "माझे मला हायेत. तुम्ही तर आता नुसती पेजच पिणार." दिली, पण डोळे मिटेपर्यंत तिच्या पदरावरची नजर काढली नाही. शुद्धीवर आलो तर शेजारची खाट रिकामी, चादरही काढलेली. गेली घेऊन, म्हटलं. तेवढ्यात पायाशी बसलेली ती उठली. नवऱ्याला दवाखान्यातून दुपारीच सुट्टी मिळाली होती, पण माझ्या कवळीपायी तो खाली बाकावर खोळंबला होता. तिनं पदराची गाठ सोडली. मी तिच्यादेखत कवळी उलटीपालटी करून बघितली. माझीच होती. बायको होती तेव्हा रात्री वाटीवर ताटली ती झाकायची; आता मीच झाकतो.